जुन्या वेस्टफालियात आधी कशावर खर्च करावा?

नुकत्याच घेतलेल्या १९८७ च्या फोक्सवागन टी३ वेस्टफालिया या, आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, वर उघडणाऱ्या छताचे कापड आणि गाद्या आधी बदलाव्यात का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पहिला खर्च इंधनाच्या रबरी नळ्यांवर करावा. या गाडीचे इंजिन मागे, झोपण्याच्या जागेखाली असते आणि जुन्या नळीतून गळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले, तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. माझ्या गाडीची वरून धडधाकट दिसणारी नळी मी बोटांत वाकवली, तेव्हा तिच्यावर केसाएवढ्या भेगांचे जाळे उमटले.

त्यानंतर पत्र्याचे सांधे. त्यांत भरलेला मसाला कालांतराने कडक होऊन तडकतो, पाणी आत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून रंगाखाली लहानसा फुगवटा दिसला, तरी नुसता रंग न मारता तो भाग स्वच्छ पत्र्यापर्यंत खरवडून, गंजरोधक प्रायमर लावून सांधा पुन्हा भरावा. स्वयंपाकाच्या कपाटामागचा पत्रा टॉर्च लावून अवश्य पाहावा. तिथे सहसा कोणी डोकावत नाही. शेगडीच्या गॅसच्या नळीवरची उत्पादनाची तारीखही वाचावी, म्हणजे ती किती जुनी आहे ते कळेल. छताचे कापड तूर्त शिवून घेतले तरी चालेल.