मदत हवी आहे: उतारावरच्या रोपवनाभोवती जाळरेषा कशी आणि कुठे काढावी?

नमस्कार. आमच्या वस्तीलगतच्या डोंगरउतारावर आम्ही दहा-बाराजण गेली सहा वर्षं झाडं लावतो आहोत. मागच्या उन्हाळ्यात वणवा आला आणि एका दुपारीत निम्म्याहून जास्त रोपं गेली. पाच उन्हाळे कळशीने पाणी घालून जगवलेली झाडं काळीठिक्कर उभी होती. यंदा गवत हिरवं आहे तोवरच विचारतेय.

आग खालच्या पायवाटेकडून लागली. वाटेत आमची जाळरेषा होती, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, तीन मीटर रुंद. तरी ती ओलांडून वर आली. कारण उशिरा कळलं: आम्ही गवत कापलं, पण उचललं नाही. ते तिथेच वाळलं आणि आगीला आयता पूल मिळाला.

शिवाय चढ. उतार १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असं वाचलं. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, त्यामुळे ते पेटण्याआधीच तापून कोरडं होतं. आमचा उतार २० अंशांच्या आसपास, म्हणजे सपाटीच्या चौपट वेग!

आमच्यात दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, पट्टा रुंद करून थंडीतच जाळून घेऊ. मला जाळण्याची भीती वाटते. रोपांच्या कडेने रेषा काढावी की माथ्यावर? आणि फक्त हाताने साफ करून भागेल का?

दुसरी काळजी माणसांची. मागच्या वेळी दोन मुलं हिरव्या फांद्या घेऊन थेट आगीच्या वरच्या बाजूला धावली. वाचली, पण तो प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

प्रतिसाद

ताई, आधी मुलांचं. चढत्या आगीच्या वर कुणीही जायचं नाही, हा नियम सगळ्यांकडून पाठ करून घ्या. १९४९ साली अमेरिकेत मॉन्टानातल्या मॅन गल्च नावाच्या दरीत वणवा विझवताना १३ जणांचा जीव गेला, बहुतेक सगळे प्रशिक्षित. गवताळ चढावर आगीने त्यांना गाठलं. तुमच्याकडेही एकजण फक्त लांबून आगीवर नजर ठेवायला हवा, आणि परतीची वाट व सुरक्षित मोकळी जागा काम सुरू होण्याआधी सगळ्यांना दाखवलेली हवी.

आता रेषा. उताराच्या मधोमध काढलेली रेषा सगळ्यात कच्ची. माथ्यावर किंवा माथ्याच्या जरा पलीकडे आगीचा जोर कमी होतो, तिथे ती टिकते. पण रोपं मधल्या उतारावर असतील तर माथ्याची रेषा त्यांना वाचवणार नाही. तुमची आग पायवाटेवरून येते, तेव्हा खरी रेषा वाटेच्या दोन्ही बाजूंना हवी. माती दिसेपर्यंत खरवडा, काडीकचरा रोपांपासून लांब न्या. आणि एकदा करून थांबू नका, पानगळीनंतर पुन्हा झाडावी लागते.

जाळण्याबद्दल तुमची भीती योग्य आहे. वनखात्याची परवानगी आणि त्यांची माणसं हजर नसतील तर काडी लावू नका. बारीक गवत हवेतल्या ओलाव्याप्रमाणे तासाभरात बदलतं. सकाळी जेमतेम धुमसणारं दुपारी भडकतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. पायवाटेचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं, आम्ही सगळे रोपांकडे बघत होतो. जाळायचं नाही, हाताने साफ करायचं, असं ठरवतोय. एक राहिलं: मागच्या वर्षी विझली म्हणून आम्ही घरी आलो आणि रात्री एका जुन्या खोडातून पुन्हा पेटलं. पाणी जवळ नसताना अशी खोडं कशी विझवायची?

प्रतिसाद

उकरून निखारे वेगळे करा, मातीत कालवत राहा. नुसती वरून माती टाकली तर आत धुमसतच राहतं. मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटल्यावर, परत फेरी मारा.