मदत हवी आहे: रेसकार ट्रान्सपोर्टरचा रॅम्प अडकलाय, रविवारच्या आत उघडायचाय

हापूस७९ (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारतो. माझ्याकडे एक रेसकार ट्रान्सपोर्टर आहे, निळा, त्याचा मागचा रॅम्प खालीच येत नाहीये, तसूभरही हलत नाही. डब्ल्यूडी-४० मारून झालं, स्क्रूड्रायव्हर घालून बघितला तर कडेचा रंग उडाला म्हणून सोडून दिलं. रंग तसाही जागोजागी गेलाय, तर निळा स्प्रे मारून टाकू का? प्रायमर लागतो का आधी? रविवारी कार्यक्रम आहे, त्याच्या आत झालंच पाहिजे. माहिती असलेल्यांनीच सांगा प्लीज. फोटो चढत नाहीयेत, साइज मोठी आहे म्हणतंय.

गाडीवान
मेक कुठला ते लिहिलंच नाहीत. हायड्रॉलिक रॅम्प असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. आमच्या चाकणच्या ट्रेलरला असंच झालं होतं, पाइप फुटला होता आणि आम्ही दोन दिवस पंपाला शिव्या घालत बसलो. स्क्रूड्रायव्हर घालू नका, रॅम्प अंगावर आला तर माणूस जातो.

हापूस७९
अहो हातात मावणारा आहे! खेळण्यातला, डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला.

गाडीवान
मग तसं लिहा की राव. मी मेकॅनिकचा नंबर शोधत बसलो होतो.

टर्बो_पक्या
भावा हॉट व्हील्सचा टीम ट्रान्सपोर्ट असणार. माझ्याकडे अकरा आहेत. कुठला? युरो हॉलर, फ्लीट फ्लायर की साकुरा स्प्रिंटर? युरो हॉलर असेल तर जोर लावू नको, कार्डवरून काढला की सुरुवातीला घट्टच असतात, हळूहळू सैल होतात. आणि तुला मिळाला कुठे ते सांग आधी, इकडे पुण्यात दुकान उघडायच्या आत स्काल्पर लोक पेटी उचलून नेतात आणि संध्याकाळी ग्रुपवर दुप्पट भावाने विकतात. परवा एक जण दुकानदाराला चहा पाजत बसला होता, मी समोर उभा, आणि पेटी फुटली काउंटरच्या मागे. हे थांबवायला पाहिजे यार कोणीतरी.

हापूस७९
हॉट व्हील्स नाहीये. जुना आहे. काकांचा आहे. स्प्रेचं कोणी सांगेल का?

बिनधास्त_बंड्या
मार रे बिनधास्त. थिनरने जुना रंग काढ, ग्रे प्रायमर, वर दोन हात निळा, वर क्लिअर कोट. मी सहा गाड्या केल्यात अशा, शोरूममधून आणल्यासारख्या दिसतात.

जुनाट
थांबा थांबा, थिनर-बिनर काही लावू नका. हापूस, तुमच्या "जुना" आणि "काकांचा" या दोन शब्दांवर काल कोणाचं लक्ष गेलं नाही. ट्रक उलटा करा, पोटावर काय लिहिलंय ते वाचा. लांबी पट्टीने मोजा. बाजूला काही अक्षरं आहेत का, असतील तर बोट फिरवून बघा, उठावाची आहेत की सपाट. वरच्या मजल्यावर गाड्या ठेवायची सोय आहे का. एवढं सांगा, मग बोलू.

हापूस७९
खाली कॉर्गी टॉइज, मेड इन ग्रेट ब्रिटन. वीस सेंमीला थोडा कमी. बाजूला ईक्युरी इकोसे असं काहीतरी आहे, सपाट आहे, अर्धं पुसलंय. वर दोन गाड्या मावतील, आत एक. आता सांगा.

जुनाट
अहो! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

तो कॉर्गीचा ११२६ नंबरचा एकुरी एकॉस ट्रान्सपोर्टर आहे, १९६१ ते ६५ या काळातला. एकुरी एकॉस ही एडिनबराची रेसिंग टीम, डेव्हिड मरेंनी काढलेली. जॅग्वार डी-टाइप घेऊन १९५६ आणि ५७ असं लागोपाठ दोनदा ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकले, स्वतः कारखान्याची टीम नसताना. त्यांचा खरा ट्रकही आहे अजून, कॉमर कंपनीचा सांगाडा आणि त्यावर फॉलकर्कच्या अलेक्झांडर यांनी बांधलेली बॉडी. २०१३ साली लंडनच्या लिलावात तो साधारण अठरा लाख पौंडांना गेला. त्यात न्यायच्या कित्येक गाड्यांपेक्षा ट्रकच महाग. तुमच्या हातात त्याचं धाकटं भावंड आहे, आणि तुम्ही त्याच्यात स्क्रूड्रायव्हर खुपसलात.

स्प्रे मारू नका. या खेळण्यांची किंमत मूळ रंगावर असते, टवके उडालेले असले तरी. आणि ती सपाट अक्षरं म्हणजे ट्रान्सफर आहेत, कागदावरून चिकटवलेली, एकदा रंगाखाली गेली की गेली.

गाडीवान
कॉमर म्हणजे तो टीएस३ इंजिनवाला? तीन सिलिंडर आणि सहा पिस्टन, एका नळीत दोन पिस्टन समोरासमोर, टू-स्ट्रोक डिझेल! आमचे उस्ताद सांगायचे त्याच्या आवाजाबद्दल. आता मला इंटरेस्ट आला या धाग्यात.

बिनधास्त_बंड्या
किंमत किंमत काय करता, त्याला विकायचाय का? काकाला चकाचक दिसला की झालं. खेळणं आहे ते, देव्हाऱ्यात ठेवायचंय का?

जुनाट
चकाचक हवा असेल तर नवा घ्या की. लोक अस्सल वस्तू रंगवतात आणि मग माझ्याकडे येतात, "दादा याचे किती येतील". शून्य येतील.

हापूस७९
विकायचा नाहीये. काकांची रविवारी पंच्याहत्तरी आहे. त्यांचे मामा बोटीवर इंजिनरूममध्ये होते, त्यांनी लंडनहून आणला होता. काका तेव्हा बारा वर्षांचे. रत्नागिरीच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत सापडला, चाळीसेक वर्षं कोणी बघितला नव्हता. मला रॅम्प उघडून, त्यात काहीतरी ठेवून त्यांच्या हातात द्यायचाय. बाय द वे रॅम्पपाशी पांढरं पांढरं पण आलंय. खाऱ्या हवेनं का?

टर्बो_पक्या
झिंक पेस्ट, जस्ताचा रोग!!! भावा संपला तो. जस्तात शिसं मिसळलेलं असलं की आतून कुजतं, भेगा पडतात, मग हातात भुगा येतो. बाकीच्या गाड्यांपासून लांब ठेव, लागण होते.

रसायनकाकू
लागण होत नाही. धातूला कांजिण्या येत नाहीत बाळा. शिशासारखी अशुद्धी ओतकामाच्या वेळीच मिसळलेली असते, दमट हवेत ती धातूच्या बारीक दाण्यांच्या सीमेवरून पसरते, पण शेजारच्या गाडीत उडी मारत नाही. बाकी तू म्हणतोस ते बरोबर आहे, एकदा सुरू झालं की उपाय नाही. डायकास्टचा मिश्रधातू म्हणजे बहुतांश जस्त आणि चार टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम, त्यात जस्त किती शुद्ध यावर सगळं ठरतं. तेहतीस वर्षं अकरावी-बारावी शिकवलंय मी, म्हणून सांगते.

जुनाट
काकू बरोबर. आणि पक्या, तो रोग जास्त करून दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी कंपनीच्या गाड्यांत दिसतो. साठच्या दशकातल्या कॉर्गीला सहसा नसतो. हापूस, पांढरं नक्की कुठे आहे? सगळ्या अंगावर की रॅम्पच्या फटीलाच? बॉडी फुगलीये का, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत का?

हापूस७९
भेगा नाहीत. फटीलाच आहे, दोन्ही बाजूंना, धुकं बसल्यासारखं. नखाने जात नाही.

जुनाट
एक विचारतो, रागावू नका. हा रॅम्प कधी कोणी चिकटवला होता का?

श्टुटगार्टकर
विषय निघालाय म्हणून, इकडे मर्सिडीजच्या म्युझियममध्ये ब्लॉयेस वुंडर आहे, निळा चमत्कार म्हणू या. १९५५ चा रेसकार वाहून नेणारा ट्रक, ३०० एसएल या स्पोर्ट्स कारचं इंजिन घातलेला, ताशी १७० च्या आसपास पळायचा. पाठीवर रेसकार आणि ऑटोबानवर बाकीच्यांना मागे टाकतोय. मूळ ट्रक १९६७ मध्ये कंपनीनेच भंगारात काढला आणि मग हळहळ वाटून २००१ मध्ये जुन्या फोटोंवरून परत बांधला. सीएमसी या मॉडेलवाल्या कंपनीने त्याचं १:१८ मॉडेल काढलंय, किंमत ऐकून बायको दोन दिवस बोलली नाही. कोणी आलात तर कळवा, दाखवतो.

टर्बो_पक्या
काका तिकडून येताना चार मिनी जीटीच्या छोट्या गाड्या आणा ना.

श्टुटगार्टकर
सगळे हेच म्हणतात. मागच्या वेळी बॅगेत कपड्यांपेक्षा गाड्या जास्त होत्या, आईला वाटलं मुलगा खेळणी विकतो.

जुनाट
बॅगेतूनच आणा. पार्सलने मागवायच्या नादी लागू नका. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. वर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र २०२१ पासून सक्तीचं. माझं एक पार्सल सात आठवडे अडकलं होतं, शेवटी परत गेलं, पोस्टेज माझ्या डोक्यावर. आपल्याकडेच शोधा. कलकत्त्याला निकी टॉइज नावाने डिंकीच्या जुन्या साच्यांवर गाड्या निघायच्या, चोरबाजारात अजूनही एखादी हाती लागते, रंग जाडाभरडा पण

हापूस७९ (गुरुवार, दुपारी ४:१०)
अहो लोकहो माझं काय?
जुनाट, हो, चिकटवला होता. मीच. दहा-अकरा वर्षांचा असेन. रॅम्प सारखा खाली पडायचा म्हणून फेविक्विक लावलं होतं, काकांना माहीत नाही. पण त्याला पस्तीस वर्षं झाली, त्याचा आता काय संबंध?

जुनाट
🙏
मंगळवारपासून आपण सगळे गंज, रोग, हायड्रॉलिक करतोय.

गाडीवान
आणि वर म्हणे चाळीस वर्षं कोणी बघितला नव्हता.

रसायनकाकू
हसू नका रे, मुलगा कबूल तरी झाला. ते पांढरं धुकं गोंदाचंच आहे, सायनोॲक्रिलेट सुकताना त्याची वाफ शेजारच्या पृष्ठभागावर बसते आणि तशी पांढुरकी दिसते.

बिनधास्त_बंड्या
नेलपॉलिश रिमूव्हर! ॲसिटोनमध्ये फेविक्विक विरघळतं. बुडव वाटीत, दहा मिनिटांत मोकळा.

रसायनकाकू
आणि त्याच दहा मिनिटांत रंग, ट्रान्सफर आणि खिडकीचं प्लास्टिक पण मोकळं. बंड्या, तुझ्या सहा गाड्यांची मला आता काळजी वाटते.

बिनधास्त_बंड्या
बरं मग तुम्ही सांगा.

रसायनकाकू
ऊब, ओल आणि धीर. हा गोंद ओढायला घट्ट असतो, पण उष्णता आणि ओलावा त्याला फार काळ सोसत नाही. अख्खा ट्रक पाण्यात घालू नको, अक्षरं जातील. वाटीत गरम पाणी घे, उकळतं नको, बोटाला जेमतेम सोसेल एवढं. कापसाची वात करून ती पिळून फटीवर ठेव, गार झाली की बदल. अर्धा-पाऊण तास. मग दात साफ करायचा फ्लॉस नाहीतर बारीक नायलॉनचा दोरा फटीत घालून करवतीसारखा पुढे-मागे कर. उचकटू नको. तुटणार असेल तर बिजागरी तुटेल, आणि ती साठ वर्षांपूर्वीची आहे.

जुनाट
काकूंना पूर्ण अनुमोदन. फक्त एक, आधी डब्ल्यूडी-४० पुसून घ्या, नाहीतर पाणी फटीत शिरणारच नाही. आणि टायर प्लास्टिकच्या डब्यावर टेकवून ठेवू नका, जुने टायर प्लास्टिकला चिकटतात आणि ते वितळवतात. कपाटात काचेवर किंवा लाकडावर ठेवा.

हापूस७९ (शनिवार, रात्री १२:५५)
अपडेट. तीन तास लागले. बायकोने वात वळून दिली, वर म्हणाली देवापुढे कधी बसला नाहीस एवढा वेळ. पहिल्या तासाला काहीच झालं नाही, मी परत स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो होतो, खरं सांगतो. मग दोरा डाव्या कोपऱ्यात अर्धा इंच आत गेला. पांढरा चुरा पडायला लागला, नारळाचा कीस पडतो तसा बारीक. उजवीकडे जास्त वेळ लागला, तिथे मी तेव्हा अर्धी ट्यूब ओतली असणार. रॅम्प शेवटी निम्मा उतरला, पुढे जात नाही. तांदळाएवढा एक टवका गेला. आता काय करू?

जुनाट
काही करू नका. हात धुवा आणि झोपा.

टर्बो_पक्या
फोटो टाक ना भावा!!

हापूस७९ (सोमवार, सकाळी ९:०५)
फोटो अजून चढत नाहीयेत.

काल कार्यक्रम झाला. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळून झाल्यावर ट्रक हातात दिला. काकांनी चष्मा काढून डोळ्याजवळ धरला, चाक फिरवून बघितलं. वरच्या मजल्यावर मी दोन पेढे ठेवले होते, त्यातला एक खाल्ला. मग रॅम्पवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फेविक्विक निघालं वाटतं." म्हणजे माहीत होतं! पस्तीस वर्षं!

नंतर आत डोकावून बघत म्हणाले, "आणि व्हॅनवॉल कुठाय? लाल होती. शिवाय एक लोटस आणि एक बीआरएम." मला वाटायचं हा नुसता ट्रकच होता. ट्रंकेत परत बघितलं, नाहीत.

तर मंडळी, या तीन गाड्या कुठे मिळतील? जरा घाई आहे, काका गुरुवारी पुण्याला परत जातायत.

जुनाट
साइज काय, नंबर काय, पेटीसकट हव्यात की सुट्या, बजेट किती?