मदत हवी आहे : छात्राध्यापकांना माहितीची पडताळणी दोन तासांत कशी शिकवावी?

टाचणवही : येत्या शनिवारी मला दोन तासांचे सत्र घ्यायचे आहे आणि आराखडा अजून तयार नाही. आमच्या विद्यार्थ्यांना मोबाइल सफाईने वापरता येतो, परंतु त्यावर आलेला मजकूर खरा की खोटा हे ठरवता येत नाही. गेल्या आठवड्यात एका सराव पाठात ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवले’ असे फळ्यावर लिहिले गेले आणि निरीक्षणाला बसलेल्यांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. कृपया नेमका उपक्रम सुचवा, व्याख्यान नको.

ऐरोलीकर : बी.एड. की डी.एल.एड.? माध्यम कोणते, विद्यार्थी किती, संगणक किती? हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

निवृत्त मुख्याध्यापक, कळवा : माझ्या मते प्रथम सर्वांना युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन शिकवावे आणि एमएस-सीआयटी सक्तीचे करावे. आमच्या शाळेतील नवे शिक्षक प्रश्नपत्रिका बाहेरच्या दुकानातून टंकून आणत असत, हे मी स्वतः पाहिले आहे.

नेरुळहून : सर, आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु येथे प्रश्न टंकलेखनाचा नसून पारख करण्याचा आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि 25 विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. तज्ज्ञ आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळून त्याच्या रूपाला भुलले, तर पडताळणीकार लगेच ते पान सोडून त्याविषयी इतरत्र काय म्हटले आहे ते पाहू लागले. हीच सवय शिकवा.

टाचणवही : बी.एड. प्रथम वर्ष, मराठी माध्यम, 48 विद्यार्थी, चालू संगणक सात, फोन प्रत्येकाकडे. शहापूर-मुरबाडकडून येणारे बरेच आहेत. नेरुळहून, आपली रीत मी करून पाहिली, परंतु मराठीत शोधले की तीच अफवा दहा पानांवर सापडते आणि विद्यार्थी म्हणतात, ‘बघा, सगळीकडे आहे.’

नेरुळहून : एकमेकांवरून उतरवलेली दहा पाने म्हणजे एकच पान. ‘हे घडले असते तर त्याची पहिली नोंद कोणाकडे असती?’ हा प्रश्न त्यांना विचारायला लावा. येथे ती युनेस्कोकडे असती, आणि अशी कोणतीही घोषणा केली नसल्याचे युनेस्कोने 2008 मध्येच स्पष्ट केले आहे. चौघांचे बारा गट करून प्रत्येकाला एक संदेश द्या आणि निकालापेक्षा तेथवर पोहोचण्याचा मार्ग लिहून घ्या.

निवृत्त मुख्याध्यापक, कळवा : युनेस्कोचे मूळ संकेतस्थळ शोधायचे तर रोमन लिपीत अचूक शब्द टंकता यायलाच हवा. माझा आग्रह त्यासाठी आहे.

ऐरोलीकर : सरांचे हे म्हणणे मला पटते. नेरुळहून यांच्या उपक्रमात मात्र एक धोका आहे : बाराही संदेश खोटे असले, तर दिसेल ते खोटे म्हणायचे एवढेच विद्यार्थी शिकतील. निदान चार खरे द्या. ‘ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर स्थळांच्या यादीत आली’ हा संदेश घ्या (रामसर स्थळे म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा). रोज ट्रान्स हार्बर लोकलने येणाऱ्यांनाही तो अतिशयोक्त वाटेल, आणि मूळ नोंद रामसरच्या संकेतस्थळावर सापडेल.

टाचणवही : हा संदेश नक्की घेते. असे आणखी तीन खरे संदेश शुक्रवार दुपारपर्यंत कोणी सुचवू शकेल का? शक्यतो ज्यांची नोंद मराठीतच सापडेल असे.