विजयदुर्ग आणि हेलियम: थोडी भर

कुणीतरी लिहिलंय की १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियरसाहेबाने, म्हणजे त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, आमच्या विजयदुर्गावरून हेलियम वायू शोधला. किल्ल्यावरचा 'साहेबाचा कट्टा' दाखवून आम्हीपण पाहुण्यांना हेच सांगायचो, पण मग वाचायला बसलो तर घोळ निघाला. १८ ऑगस्ट १८६८ ला ग्रहण बघायला जान्सन नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला होता, आणि लॉकियर तर तेव्हा इंग्लंडातच, त्याने ऑक्टोबरात ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा वर्णपट (प्रकाश फोडून दिसणारा रंगांचा पट्टा) बघितला, त्यात पिवळी रेघ होती जी सोडियमच्या रेघांशी जुळत नव्हती. ती रेघ हेलियमची. (आणि ऑगस्टात कोकणात सूर्य बघायचा म्हणजे काय ते आपल्याला माहितीय!) विजयदुर्गला लॉकियर आला तो जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आरमारी जहाजावरचे खलाशी मदतीला घेऊन. कट्टा त्या वेळचा असावा असं माझं मत. तोवर रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजातून हेलियम काढूनपण दाखवला होता.

बाकी 'असल्या संशोधनाचा सामान्य माणसाला काय उपयोग' या प्रश्नाबद्दल: गेल्या वर्षी काकांचा मणक्याचा एमआरआय काढला, आत नुसती ठाकठूक, काका म्हणाले "होडी ठोकतायत काय रे?" त्या मशीनमधला चुंबक उणे २६९ अंशाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेला असतो, तेव्हाच त्याच्या तारेतून वीज विनाअडथळा फिरते. तीच ती पिवळी रेघवाली वस्तू.