मदत हवी आहे: ८ इंची डॉब्सोनियनमधून गुरूचे फोटो धूसर आणि फिकट गुलाबी येतात

नमस्कार मंडळी,

दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन, फोकल लांबी १२०० मिमी, एफ/५.९, मोटर नाही. कॅमेरा रंगीत, १९२० × १०८०, पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, सेन्सर इन्फ्रारेडलाही चांगलाच संवेदनशील. सोबत ३एक्स बार्लो (प्रतिमा तिप्पट मोठी करणारे भिंग). फिल्टर कुठलाच नाही. शार्पकॅपमध्ये (चित्रणाचे सॉफ्टवेअर) एक्स्पोजर ऑटोवर, ते ४० मिलिसेकंदांच्या आसपास राहते. ५ मिनिटांचा एव्हीआय व्हिडिओ. गुरू कडेला गेला की नळी ढकलून परत मध्यावर आणतो. ऑटोस्टॅकर्टमध्ये सर्वांत चांगल्या ५० टक्के फ्रेम एकावर एक रचतो (स्टॅकिंग), मग शार्प करायला रजिस्टॅक्स.

हाती येते ते असे: दोन मुख्य पट्टे पुसट, बाकी काहीच नाही. रंग फिकट गुलाबी. एका कडेला निळी झाक, समोरच्या कडेला लाल. शार्प केले की कडेच्या आत आणखी एक बारीक कडा उमटते. आयपीसमधून डोळ्याला याहून जास्त दिसते. रजिस्टॅक्सचे स्लायडर सगळ्या प्रकारे फिरवून झाले. नेमके काय चुकते आहे?

प्रतिसाद १

रजिस्टॅक्स बाजूला ठेवा, बिघाड त्याच्या आधीच झालेला आहे. सगळ्यात मोठी चूक एक्स्पोजरची. मोटर नसेल तर आकाश सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. म्हणजे ४० मिलिसेकंदांत ०.६ आर्कसेकंद. ८ इंची आरशाची भेदनक्षमताच ०.५७ आर्कसेकंद आहे! प्रत्येक फ्रेम मुळातच पुसलेली येते आणि अशा हजारो फ्रेम रचल्या तरी तपशील उगवत नाही. ऑटो बंद करा, एक्स्पोजर ८ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०–७० टक्क्यांवर येईपर्यंत गेन (सेन्सरच्या सिग्नलची वाढ) वाढवा. एकेक फ्रेम खरखरीत दिसेल, दिसू द्या. खरखर स्टॅकिंगमध्ये जाते (१६०० फ्रेम रचल्या की ४० पटीने घटते), पुसटपणा जात नाही.

गुलाबी रंगाचे कारण फिल्टर नसणे. असा सेन्सर इन्फ्रारेड मनसोक्त पितो आणि तो प्रकाश तिन्ही रंगांत मिसळतो. शिवाय बार्लोची भिंगे इन्फ्रारेड त्याच फोकसला आणत नाहीत, म्हणून धूसरपणाही वाढतो. यूव्ही-आयआर कट फिल्टर (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता बार्लो. ढोबळ नियम असा की एफ-आकडा (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) पिक्सेलच्या मायक्रॉनच्या ४ ते ५ पट असावा; तुमच्यासाठी ११.६ ते १४.५. ३एक्सने तो १७.७ होतो. २एक्स लावलात तर ११.८, आणि मोटर नसताना तेच सोयीचे. मात्र बार्लोवर छापलेला आकडा ब्रह्मवाक्य नाही, सेन्सर भिंगापासून जितका दूर तितकी वाढ जास्त. मोजून बघा: त्या रात्रीचा गुरूचा व्यास स्टेलॅरियममध्ये (आकाशनकाशाचे सॉफ्टवेअर) ४५ आर्कसेकंद असेल आणि पडद्यावर विषुववृत्तावर २६५ पिक्सेल भरत असतील, तर एका पिक्सेलला ०.१७ आर्कसेकंद. २०६.२६५ गुणिले २.९ भागिले ०.१७, म्हणजे फोकल लांबी सुमारे ३५२० मिमी आणि बार्लो प्रत्यक्षात २.९ पट.

चित्रण करताना नळी ढकलू नका. कॅमेरा फोकसरमध्ये फिरवून फ्रेमची लांब बाजू गुरू सरकतो त्या दिशेला समांतर करा. रुंदी पूर्ण १९२० ठेवून उंची ४०० वर आणा. उंची घटली की फ्रेमचा वेग वाढतो. गुरू एका कडेला लावा, हात काढा, थरथर थांबली की रेकॉर्डिंग सुरू. २एक्सवर एका फेरीत जवळपास अर्धा मिनिट मिळतो. फॉरमॅट एसईआर, रॉ ८-बिट, डीबेयर न केलेला (म्हणजे सेन्सरच्या कच्च्या माहितीतून रंग अजून न बनवलेला).

५ मिनिटे मात्र फार झाली. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा ठिपका मिनिटाला सुमारे ०.२४ आर्कसेकंद सरकतो. अडीच मिनिटांत बसतील तेवढ्या फेऱ्या घ्या आणि पिप या सॉफ्टवेअरमध्ये गुरू मध्यावर आणून, कापून, एका फाइलीत जोडा. त्याहून लांब घ्यायचे असेल तर विनज्युपॉस या सॉफ्टवेअरने गुरूचे फिरणे उलटवावे लागते, ते पुढचे काम.

प्रतिसाद २

वरचे पटले, पण ३एक्स एवढ्यात मोडीत काढू नका. हवा स्थिर असेल त्या रात्री तो चालतो. त्याआधी कॉलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) तपासा, कारण ते हलले असेल तर कुठलाच बार्लो कामाचा नाही. लेझरने केलेले ग्रहांसाठी पुरत नाही. ध्रुवतारा घ्या, तो जवळजवळ जागचा हलत नाही. बार्लो आणि कॅमेरा लावून फोकस किंचित बाहेर न्या, चार-पाच वलये दिसतील इतकाच. मधली काळी सावली वलयांच्या बरोबर केंद्रात हवी. नसेल तर मुख्य आरशाचा एक स्क्रू अगदी थोडा फिरवा. तारा सरकेल, तो परत फ्रेमच्या मध्यावर आणूनच पुढचा निर्णय घ्या. कडेला ठेवून बघितलेत तर कोमा (कडेचा तारा शेपटीसारखा पसरणे) दिशाभूल करतो.

त्याच वलयांत आरशाची उष्णताही दिसते. एका बाजूने संथ धुरासारखी लाट सरकत असेल तर आरसा अजून गरम आहे. दुर्बीण दीड-दोन तास आधी बाहेर ठेवा. सगळी वलये भराभर उकळत असतील तर ती वरची हवा, तिला इलाज नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फिल्टर, ७ मिलिसेकंद, २एक्स, अडीच मिनिटांत ४ फेऱ्या, २० टक्के फ्रेम. रंग सुधारला, तांबडा ठिपका दिसतो आहे, पट्ट्यांना लागून निळसर धागेही! कडेवरची जादा रेघ आणि निळी-लाल झाक मात्र अजून आहे. आणि फोकस नेमका कशावर करायचा?

प्रतिसाद १

निळी-लाल झाक वातावरणाच्या अपवर्तनाची. ग्रह जितका खाली तितकी जास्त. रजिस्टॅक्समधले आरजीबी अलाइन तिन्ही रंग एकमेकांवर आणते, पण प्रत्येक रंगाच्या आतले पसरणे तसेच राहते. खरा उपाय म्हणजे गुरू सर्वांत उंच असताना चित्रण, नाहीतर बार्लो आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एडीसी (फाकलेले रंग परत जुळवणारे प्रिझमचे उपकरण). एडीसीने अंतर वाढते, तेव्हा बार्लोची पट पुन्हा मोजा.

फोकस गुरूच्या उपग्रहावर करा. गॅनिमिड ०.२५ आर्कसेकंदांच्या पिक्सेलवर सहा-सात पिक्सेलचा गोळा दिसतो. तो सर्वांत लहान आणि झळझळीत होईल तिथे थांबा. फोकसरच्या चाकाला कपड्यांचा चिमटा लावलात तर बारीक फिरवता येते आणि नळी कमी हलते. दर १५–२० मिनिटांनी पुन्हा बघा, गारठ्याने फोकस सरकतो.

कडेवरची रेघ अति शार्पनिंगची. वेव्हलेटचा (रजिस्टॅक्समधले शार्पनिंगचे स्लायडर, बारीक ते मोठ्या तपशिलांचे थर) पहिला थर जवळजवळ शून्यावर, दुसरा-तिसरा हळूहळू वाढवा. वाढवताना बिंबाकडे नव्हे, उपग्रहाकडे लक्ष ठेवा. त्याच्याभोवती काळे कडे दिसले की स्लायडर मागे घ्या. एवढे करूनही रेघ उरली तर कमी शार्प केलेली प्रत वर ठेवून मास्कने फक्त कडेचा भाग तिच्यातून घ्या.