मदत हवी आहे: सासऱ्यांची जुनी मासे पकडायची काठी, पॉलिशवाल्याच्या तावडीतून सुटलेली

माळ्यावरची:
नमस्कार मंडळी. आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, दिवाळीच्या आत घर रिकामं करायचंय. माळा आवरताना सुतळीने बांधलेली एक खाकी पिशवी हाती लागली. आत लाकडी फिशिंग रॉड. सासऱ्यांनी (आता ८१) तो १९६८च्या सुमारास चोरबाजारातून ३५ रुपयांना घेतला होता. तेव्हा ते गोदीत नोकरीला होते. रविवारी चेंदणीच्या खाडीवर गळ टाकून बसायचे. शिंगाळी मिळायची, क्वचित जिताडा. आमच्या घरात तेव्हा मासे चालत नव्हते, म्हणून मिळालेले सगळे कोळीवाड्यातच वाटून, हात धुऊन घरी यायचे!

काठी तीन तुकड्यांची, पण निमुळती टोकं दोन. एक जादाचं असावं. जोडली की साधारण ९ फूट. मूठ बुचाची. प्रत्येक तुकड्याला पेन्सिलीसारखे सहा पैलू, आणि दर दोन-तीन बोटांवर बारीक रेशमी दोऱ्याचे वेढे, मूळचे बहुधा लाल. मुठीच्या वर शाईने काहीतरी लिहिलंय, त्यातली ‘लाको’ एवढीच अक्षरं वाचता येतात.

आता माझा मूर्खपणा. देव्हाऱ्याला पॉलिश करायला माणूस आला होता, त्याच्या हातात खालचा तुकडा दिला. चहा टाकून येईपर्यंत त्याने कोऱ्या सँडपेपरने वीतभर भाग पांढराफटक केला होता आणि दोऱ्याचे दोन वेढे जमिनीवर पडले होते. वर म्हणे, “पीयू पॉलिश मारतो, नवी दिसेल.” मी थांबवलं. बाबा काहीच बोलले नाहीत, पिशवी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले.

तर, मधला तुकडा वीतभर उकललाय, नख जातं आत. मधला आणि टोकाचा तुकडा पितळी सांध्यात घट्ट अडकलेत, पितळ हिरवं झालंय. एका टोकाची ४ इंच नाहीत. ते तासलेलं कसं निस्तरायचं? चकचकीत नकोय. बाबांना एकदा खाडीवर नेऊन बसवता आलं तरी पुष्कळ.

दिवाळे जेट्टी:
ताई, हे लाकूड नाही, बांबू आहे. तुटकं टोक भिंगाखाली बघा, सहा त्रिकोणी पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या दिसतील. चांगल्या काठ्यांना चीनच्या ग्वांगडाँगचा टोंकिन बांबू वापरायचे. त्याच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, आपल्याकडचाच बांबू कलकत्त्याहून जायचा. तिकडे त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत, तो म्हणजे आपला मानवेल.

‘लाको’वरून मला तरी ‘पालाकोना’ वाटतंय. हार्डी ब्रदर्सच्या चिरलेल्या बांबूच्या काठ्यांची ती खूण. कंपनी इंग्लंडातल्या ॲनिकची, १८७२ची. खात्री होईपर्यंत त्या शाईला ओलं फडकंसुद्धा लावू नका.

तासल्याचं म्हणाल तर बांबूची ताकद सालीलगतच्या धाग्यांत असते. ती गेली की काठी मऊ पडते. नशीब, त्याने जाड बुडाचा तुकडा घेतला. टोकावर हात चालवला असता तर संपलंच होतं. आता तिथे आणखी घासू नका, सपाट करायच्या नादात तर अजिबात नको. रंगाचा फरक राहू दे.

सांधेजोड:
उकललेल्या भागाबद्दल. जुन्या काठ्या बहुतेक सरसाने चिकटवलेल्या असतात. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो, म्हणून काठी भिजवू नका आणि उन्हातही ठेवू नका. फटीतला जुना सरस पातळ पात्याने हलकेच खरवडा. २४ तासांत सुकणारं इपॉक्सी घ्या, ५ मिनिटांवालं नको. पत्रिकेच्या जाड कागदाने आत सरकवा, मग सुती दोरा ताणून गुंडाळा. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. एकाच बाजूने गुंडाळलात तर काठी पिळवटते. बाहेर आलेलं इपॉक्सी लगेच पुसा आणि तुकडा खिळ्याला उभा टांगा.

अडकलेला सांधा पिळू नका, पट्ट्या सुटतील. पक्कडही नको. सांध्याची बाहेरची नळी हेअर ड्रायरने जेमतेम कोमट करा. मग काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरायची, सांधा मधोमध, दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरच्या अंगाला. हात सरळ ठेवून गुडघे हळूहळू फाकवायचे. दिसायला विनोदी आहे, पण ओढ सरळ रेषेत बसते.

सुईदोरा:
वेढ्यांसाठी नायलॉन घेऊ नका, चकाकतो. जांभळी नाक्याला दागिने गाठवून देणारे पटवेकरी बसतात, त्यांच्याकडे बारीक रेशीम मागा. शेवटचं टोक फास घालून वेढ्यांखाली ओढून लपवायचं असतं, ते त्यांच्याकडून दोन मिनिटांत शिकाल. व्हार्निश लागलं की रेशीम पारदर्शक होतं आणि लाल रंग चॉकलेटी दिसतो. आधी पेन्सिलीवर करून बघा. जुन्या वेढ्यांचे फोटो पट्टी ठेवून काढा, मगच हात लावा.

आणि आत्ता व्हार्निश करूच नका. ठाण्यातल्या या पावसात आठवडाभर चिकट राहील. दसऱ्यानंतर होड्यांचं स्पार व्हार्निश पातळ करून दोन-तीन हात. मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळेल.

माळ्यावरची:
सगळ्यांचे आभार. सांधा सुटला! गुडघ्यांची युक्ती वाचून दाखवली, तर बाबा म्हणाले, “मग एवढी वर्षं मी काय करत होतो?” आणि माझ्याच नवऱ्याला धरून त्याच्याकडून करून घेतलं. तुटक्या टोकाला सहा त्रिकोण स्पष्ट दिसतात. काठीच्या टोकाला दोरा जायची कडी असते, तिच्यातला अकीकाचा खडा तडकलाय. दोरा त्यावरून गेला तर कापला जाईल, असं बाबांचं म्हणणं. जुन्या मोडक्या काठीची अकीकवाली कडी ठाणे किंवा नवी मुंबईत कुणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कडीच्या नळीचं आतलं भोक साधारण २ मिलिमीटर हवं.