गर्भनिरोधक गोळ्यांमुळे क्रोन्स होतो का? बंद करू का?

पाऊसवेडी:
चार वर्षं झाली गर्भनिरोधक गोळ्या घेतेय, पीसीओएस म्हणजे पाळी बिघडवणाऱ्या हार्मोन्सच्या त्रासासाठी सुरू केल्या होत्या. मागच्या वर्षी मोठ्या बहिणीला क्रोन्स निघाला आणि त्यानंतर वाचलं की या गोळ्यांनी आतड्याचा हा आजार होऊ शकतो. तेव्हापासून रोज रात्री पाकिटातून गोळी दाबून काढताना हात थांबतो. त्यात गेले तीन आठवडे पोट बिघडलंय, पातळ होतंय, रक्त वगैरे नाही. गोळी बंदच करू का? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतोय, म्हणतील नेटवर वाचून आली.

सावकाश:
अगं विचार, अजिबात लाजू नकोस. तू वाचलंस ते खोटं नाही. २००८ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये क्रोन्सची शक्यता साधारण दीडपट निघाली, धूम्रपानाचा हिशेब धरूनसुद्धा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात तर चालू गोळीवाल्यांमध्ये जवळजवळ तिप्पट. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा दुसरा आजार, त्याचा संबंध मात्र त्यात मुख्यतः सिगरेट ओढणाऱ्यांमध्येच दिसला. पण दीडपट कशाच्या ते बघ ना, मुळात हा आजारच कमी लोकांना होतो, त्यामुळे दीडपट झाला तरी गोळी घेणाऱ्या बहुतेक जणींना तो कधीच होत नाही. आणि हा नुसता संबंध आहे, गोळीमुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही. तुझ्या बाबतीत सख्ख्या बहिणीला आजार असणं हे गोळीपेक्षा कितीतरी मोठं कारण आहे, डॉक्टरांना ते आधी सांग.

आतडेवाली:
मला ९ वर्षं क्रोन्स आहे, मीही गोळी घ्यायचे. निदान झालं तेव्हा महिनोन् महिने स्वतःलाच दोष दिला, गोळी घेतली नसती तर, गोळी घेतली नसती तर. डॉक्टरांनी समजावलं की एका कुणाच्या आजाराचं खापर एका गोळीवर फोडता येत नाही, जनुकं, सिगरेट, आतड्यातले जंतू, सगळं मिळून होतं. नंतर आजार भडकला, स्टेरॉइड सुरू झाली तेव्हा मात्र इस्ट्रोजेन हार्मोन असलेली ती गर्भनिरोधक गोळी थांबवून तांबी बसवली, कारण आतडं सुजलेलं असताना रक्ताच्या गुठळीचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. म्हणून निर्णय गायनॅक आणि पोटाचे डॉक्टर दोघांना विचारून घे, मनाने बंद केलीस तर पाळी बिघडेल आणि नको तेव्हा दिवस जातील ते वेगळंच.
आणि हो, २४ तासांपेक्षा जास्त जोराचे जुलाब असतील तर गोळी नीट लागू पडत नाही, तोवर कंडोम वापरा.

पाऊसवेडी:
थँक यू गं, रडूच आलं वाचून. उद्याचीच अपॉइंटमेंट घेतलीय. तपासणी म्हणजे लगेच कोलोनोस्कोपी का, ती आतड्यात दुर्बीण घालून बघतात ती?

आतडेवाली:
लगेच नाही बहुतेक. आधी शौचाची एक टेस्ट असते, कॅलप्रोटेक्टिन, आतड्याला सूज आहे का ते त्यात कळतं. पाळीत दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेत असशील तर आधीच सांग, त्याने आकडा वर जातो. मी सांगितलं नव्हतं, सगळी टेस्ट परत करावी लागली. आणि रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं किंवा रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, लगेच जा.